गाणं करणाऱ्यांनी हिशेब शिकावा, तोही फुकटात

गडहिंग्लज तालुक्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. सोंगी भजनाची मंडळं आहेत, भेदिक शाहीर आहेत, हलगी-कैताळवाले आहेत, बेंजोवाले आणि बँडवाले आहेत, स्नेहसंमेलनातून पुढं आलेल्या पोरी आहेत, आणि आता मोबाइलवर बीट लावून रॅप लिहिणारी पोरंही आहेत. वानवा आहे ती हिशेबाची वही धरणाऱ्याची. गाणं एकानं लिहिलं, चाल दुसऱ्यानं लावली, गायलं तिसरीनं, कोल्हापुरातल्या नाहीतर बेळगावातल्या स्टुडिओत वाजवलं चौथ्यानं, पैसे घातले पाचव्यानं आणि ते चढलं सहाव्याच्या युट्यूब चॅनेलवर. गाणं पडलं तर कुणी विचारत नाही. चाललं, की सहाही जण म्हणतात, ‘गाणं माझं.’ त्यातले बरेच जण थोडेफार खरेही असतात, म्हणून तर ते भांडण मिटत नाही.

हे भांडण टाळण्यापुरतं ज्ञान आज फुकट मिळतं. त्यासाठी मुंबई-पुण्यातल्या संस्थेची फी भरायला नको, आणि ‘महिन्यात व्हायरल व्हा’ म्हणत दहा-वीस हजारांचा कोर्स विकणाऱ्याकडं तर अजिबात जायला नको. फक्त शिकण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण गाणं ऑनलाइन कसं चढवायचं हे आधी शिकतात, मग पैसे कसे येतात ते, आणि मालक कोण हा प्रश्न पडतो तो वकिलाची नोटीस आल्यावर. इथं मालकीपासून सुरुवात करू.

मालक कोण?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि कलावंतांच्या दृष्टीनं त्यातली मोठी दुरुस्ती २०१२ ची. या कायद्याच्या लेखी एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात : शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, रेकॉर्डिंग निर्मात्याचं. निर्माता म्हणजे ते रेकॉर्डिंग व्हावं म्हणून ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. ज्याच्या स्टुडिओत माइक होता तो तेवढ्यानं मालक होत नाही. त्यानं तासाचे पैसे घेतले, व्यवहार संपला. गायक-वादकांना याशिवाय सादरकर्ते म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. त्यांच्या संमतीवाचून त्यांचं गाणं-वाजवणं रेकॉर्ड करून विकता येत नाही, आणि गाण्याबरोबर आपलं नाव यावं असा आग्रह त्यांना धरता येतो.

शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीनंतर तसाच ६० वर्षांचा. हे गणित आपल्याकडच्या गाण्यांना लावून बघा, म्हणजे चांगलं लक्षात राहील. तुकोबांचा अभंग कुणीही गावा, कुणाला विचारायला नको. पण त्याच अभंगाला श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल घेतलीत, तर खळे २०११ साली गेले, म्हणजे ती चाल २०७१ अखेरपर्यंत राखीव आहे. आपल्या कोल्हापूरचे जगदीश खेबुडकरही २०११ सालीच गेले. त्यांच्या गीतांचे शब्द तेवढेच दिवस त्यांच्या वारसांचे, नाहीतर त्यांनी ज्यांना हक्क दिले त्यांचे. गीतरामायणाचं गणित आणखी गमतीचं. गदिमा १९७७ साली गेले, सुधीर फडके २००२ साली. म्हणजे २०३८ उजाडेल तेव्हा शब्द मोकळे होतील आणि चाल मात्र २०६२ अखेरपर्यंत बांधलेली राहील. शाहिरांसाठी : अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या रचना २०२९ संपेपर्यंत राखीव आहेत. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांच्या रचना २०६४ अखेरपर्यंत. भीमजयंतीला वामनदादांचं गाणं स्टेजवर म्हणणं वेगळं, आणि तेच रेकॉर्ड करून स्वतःच्या चॅनेलवर ‘गीत : पारंपरिक’ असं लिहून टाकणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला कायदा काय म्हणेल ते म्हणेल, आपण त्याला चोरी म्हणायला हरकत नाही.

जात्यावरच्या ओव्या, धनगरी ओव्या, जुनी भारुडं यांवर कुणा एकाची मालकी नाही. त्यांची नवी मांडणी तुम्ही केलीत तर त्या मांडणीपुरता हक्क तुमचा. मात्र कुणीतरी रेकॉर्ड केलेल्या ओवीचा तुकडा उचलून आपल्या बीटवर चिकटवायचा असेल, तर त्या रेकॉर्डिंगच्या मालकाची परवानगी लागते, आणि ज्या आजीनं ती ओवी गायली तिचीही. रॅपवाल्यांना आणखी एक : युट्यूबवर ‘फ्री बीट’ लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुतेकदा कमाई न करणाऱ्या गाण्यापुरतं असतं. वर्णनात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. तोच बीट आणखी पन्नास जणांनी वापरलेला असेल, तर युट्यूबची आपोआप ओळखणारी यंत्रणा तुमच्या गाण्यावर दुसऱ्याचा दावा लावून मोकळी होते, आणि जाहिरातीचे पैसे तिकडं जातात.

जुनं गाणं नव्यानं गाऊन विकायचं असेल तर पहिल्या रेकॉर्डिंगला पाच वर्षं झालेली असावी लागतात, आगाऊ नोटीस द्यावी लागते आणि किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आधी भरावी लागते. नवख्या कलावंताला हा व्यवहार परवडत नाही. त्यापेक्षा स्वतःचं गाणं करा.

एक पान, सगळ्यांच्या सह्या

कायद्यानुसार हक्क देणं हे लेखी आणि सहीनिशीच होतं. तोंडी ‘घे की रे, टाक तुझ्या चॅनेलवर’ यानं मालकी हलत नाही. ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. पण मालकी तुमची आणि पैसे त्याच्या खात्यात, अशी स्थिती चार वर्षं चालली की मग कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी, चहा प्यायला बसाल तेव्हाच, एका पानावर लिहून काढा : गाण्याचं नाव, पहिली ओळ, शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाद्यसंयोजन कुणाचं, गायलं कुणी, खर्च कुणी केला आणि किती. मग शब्द-चालीच्या उत्पन्नाची वाटणी टक्क्यांत, आणि रेकॉर्डिंगच्या उत्पन्नाची वाटणी वेगळी, तीही टक्क्यांत. खर्च घालणाऱ्याचे पैसे आधी वळते करायचे का, हे त्यातच लिहा. चॅनेलचा पासवर्ड कुणाकडं, पैसे कुणाच्या खात्यात येणार, वाटप किती महिन्यांनी होणार, हेही लिहा. खाली तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. प्रत्येकाला एक प्रत. भाषा मराठीच असू द्या. वकिली इंग्रजी लिहिल्यानं कागद जास्त भक्कम होत नाही, सही करणाऱ्याला तो कळेनासा मात्र होतो.

वादकाला एकरकमी पैसे देऊन पुढचा वाटा द्यायचा नसेल, तर तसं स्पष्ट लिहा. त्यात वावगं काही नाही. वावगं होतं ते ‘नंतर बघू’ या दोन शब्दांनी, आणि मैत्री असते तिथं हे दोन शब्द जास्त ऐकू येतात.

उद्या एखादी कंपनी करार घेऊन आली तर काय वाचायचं? चार गोष्टी : कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशात, आणि बदल्यात काय. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणूनच कंपनीच्या कागदात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द आवर्जून असतात. ‘आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढं येणाऱ्या सर्व माध्यमांत’ हे वाक्यही असंच कायद्याला धरून घातलेलं असतं, कारण करारात नाव घेतलं नसेल तर नव्यानं निघणाऱ्या माध्यमाचा हक्क आपोआप जात नाही. घेतलेले हक्क कंपनीनं वर्षभर वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते परत तुमच्याकडं येतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट : गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांखेरीज कुणालाही तो लिहून दिला, तरी ते लिहिणं रद्दबातल आहे. कॅसेटच्या जमान्यात एकरकमी पैसे घेऊन सगळ्या हक्कांवर पाणी सोडायची रीत होती. आज कुणी तोच नमुना पुढं केला, तर हे कलम दाखवा.

कागद वाचायला माणूस हवा असेल तर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडं जा. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००. आपल्याकडं ही समिती जमिनीच्या आणि नवरा-बायकोच्या भांडणांसाठीच असते असा समज आहे. गाण्याचा करार घेऊन जाणारे पहिले तुम्ही व्हा.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. रचना कागदावर उतरली किंवा रेकॉर्ड झाली की हक्क जन्माला आलेलाच असतो. नोंदणीचा उपयोग वादात पुरावा म्हणून. अर्ज ऑनलाइन करता येतो. शब्दांना ५०० रुपये, चालीला ५००, रेकॉर्डिंगला २०००. माझं मत विचाराल तर प्रत्येक गाण्यावर हा खर्च करू नका. जे गाणं जोर धरू लागलंय त्याची नोंदणी करा. बाकीच्यांसाठी वहीतला कच्चा खर्डा, फोनवरचं पहिलं रेकॉर्डिंग, तारखेसह पाठवलेले ई-मेल जपून ठेवा. नावाचं मात्र वेगळं आहे. फडाचं किंवा बँडचं नाव गाजायला लागलं, की ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवा. एका व्यक्तीला एका वर्गासाठी ऑनलाइन फी ४५०० रुपये पडते आणि करमणुकीच्या सेवा ४१ व्या वर्गात येतात. बँड फुटला की नाव कुणाचं, यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी गाण्यांवरूनही होत नाहीत.

सुपारी आणि बिदागी

आता पैशाकडं. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, गारगोटी, पलीकडं संकेश्वर-निपाणी, या पट्ट्यातल्या कलावंताचं पोट अजून कार्यक्रमांवरच चालतं, आणि आणखी बरीच वर्षं तसंच चालेल. तेव्हा ऑनलाइन कमाईच्या मागं धावताना सुपारीचा व्यवहार ढिला ठेवू नका. सुपारी ठरली की लगेच आयोजकाला एक मेसेज टाका : तारीख, सुरू व्हायची आणि संपायची वेळ, गाव, बिदागी किती, इसार किती मिळाला, साऊंड कुणाचा, गाडीभाडं कुणाचं, जेवणाची-राहायची सोय, कार्यक्रम रद्द झाला तर इसार परत की नाही, आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करून चॅनेलवर टाकायला परवानगी आहे का. शेवटची ओळ सगळे विसरतात. मंडळाच्या कॅमेरावाल्यानं तुमचे तीन तास त्याच्या चॅनेलवर चढवले, की पुढच्या गावातला आयोजक म्हणतो, ‘तुमचं सगळं बघून झालंय आमचं.’ आयोजकाचं ‘ठीक आहे’ असं उत्तर आलं की तो मेसेज जपून ठेवा.

कार्यक्रमात दुसऱ्यांची गाणी गायलीत तर त्याचा परवाना घ्यायची जबाबदारी साधारणपणे आयोजकाची असते. खरा धार्मिक विधी, सरकारी समारंभ, तसंच लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कायद्यानं सूट दिली आहे. तिकीट लावलेल्या ऑर्केस्ट्राला ती सूट आहे असं धरून चालू नका.

तुम्ही स्वतः लिहीत किंवा चाली लावत असाल, तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं, सभासद व्हा. ही कॉपीराइट सोसायटी १९६९ ची. २०१७ पासून दुरुस्त कायद्याखाली नोंदलेली आहे. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, कार्यक्रम, ऑनलाइन मंच यांच्याकडून शब्द आणि चालीचे पैसे गोळा करून ती गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांना वाटते. पण सभासद होऊन गप्प बसाल तर काही मिळणार नाही. प्रत्येक गाणं, त्यातला प्रत्येकाचा वाटा, तिथं नोंदवावा लागतो. मघाचं एक पान इथं कामाला येतं. गायक-वादकांसाठी इसाम्रा ही वेगळी संस्था आहे. ती २०१३ साली ‘इस्रा’ या नावानं गायकांची म्हणून सुरू झाली, आता वादकही तिच्यात येतात.

ऑनलाइन चढवताना

स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक यांच्यावर कलावंताला थेट गाणं टाकता येत नाही; मध्ये वितरक लागतो. काही वितरक वार्षिक वर्गणी घेतात, काही वर्गणी न घेता कमाईतला हिस्सा. राउटनोटसारख्या वितरकाची फुकट योजना कमाईतले १५ टक्के घेते. वर्षाला दोन गाणी करणाऱ्यानं वर्गणीच्या भानगडीत पडू नये, हिस्सा द्यावा. महिन्याला गाणं काढणाऱ्याला वर्गणी स्वस्त पडते. वर्गणी थांबली की गाणी उतरवली जातात का, हे आधी विचारा. वितरक प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक देतो. तो वहीत लिहून ठेवा. पुढं वितरक बदलला तरी क्रमांक तोच ठेवलात तर आधीची ऐकणी जोडलेली राहतात.

नावाचं स्पेलिंग एकदा ठरवा आणि जन्मभर तेच ठेवा. एका गाण्यावर ‘शाहीर’ लावून, दुसऱ्यावर नुसतं नाव, तिसऱ्यावर आडनाव वेगळ्या स्पेलिंगनं, असं केलंत तर मंचाच्या लेखी तुम्ही तीन माणसं होता. आपल्या सीमाभागात एकच कलावंत मराठीत आणि कन्नडमध्ये गातो. गाणं चढवताना भाषा नीट निवडा, नाहीतर कन्नड गाणं मराठी श्रोत्यांपुढं जाऊन पडतं आणि दोन्हीकडचे ऐकणारे हातचे जातात.

गणपतीचं गाणं गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात देणारे महाभाग दरवर्षी असतात. वितरकाकडं किमान महिनाभर आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडं गाणं सुचवायचं असेल तर प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी ते त्यांच्या कलावंतांसाठीच्या पानावरून सुचवावं लागतं, आणि हे फुकट असतं. ‘प्लेलिस्टमध्ये घालतो, पाच हजार द्या’ म्हणणाऱ्याला हाकलून द्या. असली विकत घेतलेली ऐकणी पकडली गेली तर तुमचंच गाणं काढून टाकलं जातं.

एका ऐकण्याला किती पैसे, हा प्रश्न सगळे विचारतात. ठरलेला दर नसतो. मंच, देश, वर्गणीदार श्रोता की फुकटा, यावर तो हलतो. काही ठोस अटी मात्र माहीत असाव्यात. स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं गेलेलं गाणंच रॉयल्टीला धरतात. युट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी वेळा पाहिलं जाणं लागतं. आणि एकाच मंचावर भिस्त ठेवू नका. एअरटेलचं विंक २०२४ साली बंद झालं. ज्यांचे श्रोते तिथंच होते त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

२०२४ सालच्या दोन मराठी गाण्यांकडं बघा. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ स्वतःच्या चॅनेलवर आलं आणि कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्समधल्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून आलं. एकानं आपलं दुकान मांडलं, दुसऱ्यांनी मोठ्या लेबलचा रस्ता धरला. दोन्ही व्यवहार रास्त आहेत. कोणता आपला, हे ठरवण्यापुरतं शिकून घ्या.

कर, पॅन आणि फुकट मिळणारी कागदपत्रं

पॅन कार्ड, स्वतःच्या नावाचं बँक खातं, आणि बिदागीची पावती फाडायची सवय एवढ्यानं सुरुवात होते. रॉयल्टीतून १० टक्के कर कापला गेला आणि तुमचं उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. कित्येक जण ते भरतच नाहीत. युट्यूबवर कमाई सुरू झाली की अमेरिकी कराची माहिती भरायला सांगतात. ती न भरल्यास काय होतं ते आकड्यांत बघा : महिन्याला १००० डॉलर मिळाले, त्यातले १०० अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळं. माहिती भरून भारत-अमेरिका करकरारातली सवलत मागितली असेल तर फक्त त्या शंभरावर १५ टक्के, म्हणजे १५ डॉलर कापले जातात. माहितीच नसेल तर सगळ्या हजारावर २४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २४० डॉलर जाऊ शकतात. दहा मिनिटांचा फॉर्म आहे.

लोककला किंवा शास्त्रीय संगीताच्या एका कार्यक्रमाची बिदागी दीड लाखापर्यंत असेल तर तिला जीएसटीतून सूट आहे. तसंही वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला नोंदणी लागत नाही. छोटा व्यावसायिक म्हणून करायची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते, तिचे पैसे मागणारा एजंट असतो. आणि पत्रिका, पोस्टर, वर्तमानपत्रातलं कात्रण, आभारपत्र फेकू नका. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर राज्याच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत दरमहा ५००० रुपयांसाठी अर्ज करायचा तर वर्षानुवर्षांच्या कामाचा पुरावा मागतात, आणि तिथं आयुष्यभर ढोलकी वाजवलेला माणूस रिकाम्या हातानं उभा राहतो.

फुकट कुठं शिकाल

सुरुवात कायद्यापासूनच करा. १९५७ चा कायदा सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. सगळा वाचू नका. कलम १७ ते १९, ३१-सी, ३८ ते ३८-बी आणि ५२ एवढंच. मग जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ‘क्लिप’ हा मंच बघा. ॲबा या बँडचे ब्योर्न उल्वेउस ज्या संस्थेचे सहसंस्थापक आहेत, तिच्याबरोबर तो तयार झाला आहे. नाव नोंदवायचं, फुकट शिकायचं. याच संघटनेच्या अकादमीचा डीएल-१०१ हा बौद्धिक संपदेचा प्राथमिक अभ्यासक्रमही विनाशुल्क आहे. भारत सरकारच्या ‘स्वयम’वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे या विषयावरचे अभ्यासक्रम आहेत, शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी. बर्कली या अमेरिकी संगीत महाविद्यालयाचे संगीत-व्यवसायाचे पाठ कोर्सेरावर आहेत. अशा ठिकाणी प्रमाणपत्राचा मोह सोडा, नुसतं ऐकण्याचा पर्याय असेल तो घ्या. बिदागी ठरवताना कुणी तुमचं प्रमाणपत्र मागणार नाही. युट्यूब आणि स्पॉटिफायची कलावंतांसाठीची मदतपानं तर सोन्यासारखी आहेत, गुगलची बरीच पानं मराठीतही उघडतात. आयपीआरएसही गीतकार-संगीतकारांसाठी कार्यशाळा घेते.

परदेशी शिक्षकांकडून शिकताना एक चाळणी लावा. तिथले व्हिडिओ अमेरिकेचा कायदा गृहीत धरतात. तिथल्या सोसायट्यांची नावं, तिथली यांत्रिक रॉयल्टी, तिथं रेडिओ रेकॉर्डिंगच्या मालकाला पैसे देत नाही हा नियम, हे सगळं आपल्याला लागू नाही. आपल्याकडं रेडिओला रेकॉर्डिंगचेही पैसे द्यावे लागतात. प्रसिद्धीचं नियोजन, श्रोत्यांशी बोलणं, करार वाचायची सवय एवढं त्यांच्याकडून घ्या. हक्क आणि कर आपल्या कायद्यातून शिका.

इंग्रजीची अडचण खरी आहे. तिच्यावर एकट्यानं डोकं आपटण्यापेक्षा अभ्यासगट करा. इंग्रजी वाचणारा एक जण, मोबाइल सफाईनं चालवणारी एक जण, बिदागीचे बरेवाईट व्यवहार केलेला एखादा म्हातारा शाहीर आणि शिकायला बसणारी चार पोरं. आठवड्याला एक विषय, एक खरा करार किंवा एक खरा हिशेब समोर ठेवून. तालुक्याच्या गावात अखिल भारतीय फुटबॉल स्पर्धा भरवणाऱ्या गडहिंग्लजकरांना एवढा गट चालवणं जड नाही. शिवराज किंवा डॉ. घाळी महाविद्यालयातल्या मुलांनी प्राचार्यांकडं अर्ज करून राष्ट्रीय बौद्धिक संपदा जागरूकता अभियानाचं व्याख्यान मागवावं. डिसेंबर २०२१ पासून हे अभियान शिक्षणसंस्थांत विनामूल्य चालतं. शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनीही रागदारीबरोबर करार वाचनाचा तास मागायला हवा. अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई कोल्हापूरच्या दरबारी राहिला आणि त्यांची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्या काळी आश्रय राजाचा होता, हिशेब ठेवायला खासगी खातं होतं. आज ते खातंही तुम्हालाच सांभाळायचं आहे.

या हंगामात गणपतीचं किंवा यात्रेचं एखादं गाणं हातात असेल, तर स्टुडिओची तारीख घेण्याआधी तेवढं एक पान लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. कोर्स रात्री बसून बघता येतील.